गाडीचा टेप घरी बसवताना

मुंबई–गोवा महामार्गावर पळस्पे फाटा मागे पडला की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचे शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हा गावकऱ्यांचा रोजचा संबंध मात्र महामार्गाशी. दवाखाना, बाजार, बँक, लग्नकार्य, सगळ्यासाठी पनवेल गाठावे लागते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत गल्लीगल्लीत सेकंड हँड गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. आणि जुनी गाडी घरी आली की मुलांची पहिली मागणी ठरलेली असते : ‘अब्बू, टेप नवा लावू या.’

‘टेप’ हा शब्द गंमतीचा आहे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली, पुढे ती गाडीत शिरली आणि डॅशबोर्डातल्या त्या पेटीला आपल्याकडे टेप हे नाव पडले. कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. आता त्या पेटीत ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह आहे, पण दुकानात जाऊन आपण टेपच मागतो. म्हणून या लेखातही तोच शब्द वापरतो.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. घरात अब्बा, दहावीतली थोरली आणि सातवीतला धाकटा. आमच्या जुन्या, छोट्या गाडीतला टेप बंद पडला तेव्हा तो आपणच बदलावा असे ठरले. पैसे वाचावेत हे एक कारण होतेच. पण काम झाल्यावर लक्षात आले की वाचलेले पैसे ही त्यातली सर्वांत लहान कमाई होती. डॅशबोर्डाच्या मागे काय आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हीच खरी गोष्ट. त्यासाठीच हा लेख.

टेप कशासाठी?

अब्बांना महिन्यातून दोनदा पनवेलला डॉक्टरांकडे न्यावे लागते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. वाटेत त्यांना बातम्या हव्या असतात, कधी नात, कधी तिलावत. टेप बंद पडल्यापासून मोबाइल डॅशबोर्डावर ठेवून त्याच्या बारीक आवाजावर भागवणे सुरू होते. मग मोबाइल घसरतो, कोणाचा तरी फोन येतो, गाडी चालवणाऱ्याचा हात तिकडे जातो. ट्रकांची रांग असलेल्या महामार्गावर हे जिवावर बेतू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरून मोबाइल वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यातच मोडते.

ब्लूटूथ असलेला साधा टेप हा त्यावरचा उपाय. एकदा जोडला की मोबाइल खिशात राहतो आणि आवाज चारही स्पीकरमधून सारखा येतो. मोठी स्क्रीन घ्यायची की साधी पेटी, हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. धाकट्याचे मत स्क्रीनच्या बाजूने होते. अब्बांना बटण हवे होते, चाचपून सापडणारे आणि फिरवता येणारे. अब्बांचे मत चालले. वयस्कर माणसे असलेल्या घरांनी याचा विचार जरूर करावा, कारण रस्त्यावरची नजर न काढता आवाज कमी करता आला पाहिजे.

खोक्यावरचे आकडे

टेपच्या खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेले असते : ५० वॉट × ४. म्हणजे २०० वॉट. थोरलीला आम्ही पेटीच्या मागचा फ्यूज काढून दाखवला. त्यावर १० हा आकडा होता, म्हणजे १० अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्टच्या आसपास विभवांतर असते. १४.४ धरले तरी १४.४ × १० म्हणजे १४४ वॉट. आत येणारी वीजच सतत १४४ वॉटपेक्षा जास्त नसेल, तर बाहेर सतत २०० वॉट कुठून येणार?

मग हा ५० आकडा येतो कुठून? गाडीच्या स्पीकरचा रोध बहुतेक वेळा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग २०७.३६. त्याला ४ ने भागले की ५१.८४. म्हणजे पूर्ण विभवांतर स्पीकरवर अखंड लागले असते तर निघणारा हा आकडा आहे. प्रत्यक्षात आवाजाची लहर वरखाली होत असते, त्यामुळे स्वच्छ आवाजात त्याच्या निम्म्यापर्यंतच जाता येते आणि हाती प्रत्येक स्पीकरमागे २० वॉटच्या आसपासच पडतात. खरेदी करताना ‘आरएमएस’ या शब्दापुढचा आकडा वाचावा, कारण सतत मिळणारी शक्ती तो सांगतो. ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’पुढचा आकडा पाहून पैसे मोजू नयेत. छोट्या गाडीला २० वॉट भरपूर होतात.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यातलेच हे सूत्र. उर्दू माध्यमाची मुले विद्युतधारेला बर्की रौ म्हणतात आणि रोधाला मुजाहमत. शब्द वेगळे, हिशेब एकच. पाठ केलेले सूत्र दुकानदाराच्या काउंटरवर उपयोगी पडते हे मुलांनी पाहिले की धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

मोजमाप आणि कपलर

गाडीत रेडिओ बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीसाठी रेडिओ आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. पुढे तेच कंपनीचे नाव झाले. टेपच्या मागे एरियलची जी गोल पिन खोचतात तिला आजही मोटोरोला प्लग म्हणतात. त्या काळी कोणती पेटी कोणत्या गाडीत बसेल याचा नेम नव्हता. पुढे जर्मनीत डॅशबोर्डातल्या खाचेचे माप ठरवले गेले आणि १९८४ मध्ये आयएसओ ७७३६ या नावाने ते जगभर गेले. जर्मन प्रमाणीकरण संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डिन’ म्हणतात. सिंगल डिन म्हणजे सुमारे १८० मि.मी. रुंद आणि ५० मि.मी. उंच. डबल डिनची रुंदी तीच, उंची दुप्पट. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीची खाच पट्टीने मोजावी. खोलीही पाहावी, कारण पेटीच्या मागे वायरींना जागा लागते. डॅशबोर्डाला खास आकार असलेल्या गाड्यांना वेगळी फ्रेम घ्यावी लागते.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे कपलर. गाडीच्या मूळ वायरींच्या टोकाला कंपनीचा सॉकेट असतो. त्यात एका बाजूने बसणारा आणि दुसऱ्या बाजूने नव्या टेपला जोडता येणारा तयार कपलर जवळपास प्रत्येक प्रचलित गाडीसाठी मिळतो. किंमत काही शे रुपयांच्या आत. पनवेलच्या दुकानांत मिळाला नाही तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. कपलर घेतला की गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हे फारच महत्त्वाचे, कारण कापलेल्या वायरिंगवरून पुढे वाद होतात. शिवाय गाडी विकताना जुना टेप परत लावता येतो.

कामाला हात घालण्यापूर्वी

रविवारची सकाळ निवडावी, घाई नसावी. लागणारी हत्यारे थोडी आहेत : बॅटरीचा नट सोडवण्यासाठी १० नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर, डॅशबोर्डाचे प्लास्टिक उचकटण्यासाठी प्लास्टिकची पट्टी, पक्कड, वायर सोलण्याचे हत्यार आणि मल्टिमीटर. घरातला विजेचा टेस्टर इथे चालत नाही. तो घरच्या २३० व्होल्टसाठी असतो, १२ व्होल्टवर त्याचा दिवा लागतच नाही. दिवा लागला नाही म्हणून वायरीत वीज नाही असे समजणे धोक्याचे ठरते.

पहिले काम : किल्ली काढून ठेवायची आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवायचे. आधी निगेटिव्हच का? गाडीचे सगळे लोखंडी अंग निगेटिव्हला जोडलेले असते. पॉझिटिव्ह नट फिरवताना पाना बॉडीला टेकला तर थेट लघुपथन होते. निगेटिव्ह आधी सुटलेले असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. जोडताना क्रम उलटा, निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक बेफिकीर असतात. पण हीच बॅटरी इंजिन सुरू करताना स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर देते. बोटातली अंगठी किंवा हातातली बांगडी पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्या मधे सापडली तर क्षणात तापून हात भाजतो. म्हणून आम्ही दोघांनी आणि थोरलीने अंगठ्या, बांगड्या, घड्याळे काढून घरात ठेवली. हा नियम मुलांसमोर पाळावा, म्हणजे तो त्यांच्या अंगी लागतो.

नव्या गाड्यांबाबत एक सूचना. डॅशबोर्डात पिवळ्या वेष्टणातल्या वायरी किंवा पिवळे सॉकेट दिसले तर ते सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये, त्यांवर मीटरही लावू नये. बॅटरी सोडल्यानंतरही काही मिनिटे थांबूनच काम सुरू करावे. काही गाड्यांचा कंपनीचा टेप बॅटरी काढल्यावर पुन्हा कोड मागतो, तो आधी मॅन्युअलमध्ये शोधून ठेवावा.

रंगांची भाषा

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेपच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत. पिवळी वायर म्हणजे कायमची वीज. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने लक्षात राहतात ती हिच्यामुळे. लाल वायर किल्ली फिरवल्यावर मिळणाऱ्या विजेची. काळी वायर बॉडीची, म्हणजे निगेटिव्ह. निळी वायर विजेवर चालणाऱ्या एरियलसाठी आणि निळी-पांढरी अँप्लिफायरला ‘चालू हो’ एवढे सांगण्यासाठी. नारिंगी वायर रात्री बटणांचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी. स्पीकरच्या वायरी जोडीने येतात : पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह.

पण हे रंग टेपच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठेवते. त्यामुळे रंगाला रंग जोडून चालत नाही, तपासावे लागते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. वायरींची टोके एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी वेगळी करून फक्त या तपासणीपुरती बॅटरी जोडायची. किल्ली काढलेली असताना ज्या वायरीवर १२ च्या आसपास व्होल्ट दिसतात तिला टेपची पिवळी. किल्ली फिरवल्यावरच ज्या वायरीवर वीज येते तिला लाल. लाल वायरही कायमच्या विजेवर टाकली तर टेप बंद न केल्यास रात्रभर वीज ओढत राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. पिवळी आणि लाल अदलाबदल झाली तर लावलेली स्टेशने टेप टिकवून ठेवत नाही.

स्पीकरची जोडी ओळखायला सोपी युक्ती आहे. बॅटरी सोडलेली असताना आणि वायरी टेपपासून मोकळ्या असताना दीड व्होल्टचा साधा सेल जोडीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. ज्या स्पीकरमधून ‘खट्’ आवाज येईल त्याची ती जोडी. पडदा बाहेर उचलला गेला तर सेलच्या टोपीकडची वायर पॉझिटिव्ह, आत ओढला गेला तर उलट. धाकट्याने हे काम मन लावून केले, चारही दारांकडे धावत. एखाद्या स्पीकरची बाजू उलट जोडली गेली तर तो चालतो, पण इतर स्पीकरच्या उलट हलतो आणि जाड आवाज पोकळ होतो.

स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीही बॉडीला जोडू नये. फार जुन्या गाड्यांत तशी पद्धत होती. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर वीज असते आणि एक बॉडीला लागली की आतली आयसी जळू शकते.

आत काय सापडले

आता आमच्या गाडीची गोष्ट. ती आम्ही चार वर्षांपूर्वी ओळखीतून घेतली. टेप आधीच्या मालकाच्या वेळचा. तो ओढून बाहेर काढला तेव्हा दिसले की त्याची पिवळी वायर कपलरमध्ये गेलेलीच नव्हती. ती डॅशबोर्डाच्या आतून थेट बॅटरीकडे जाणाऱ्या एका वायरीला पिळून जोडली होती. वर साधी चिकटपट्टी. उन्हाने पट्टीचा गोंद वितळून ती सुटायला आली होती. थोडे पुढे ही वायर एका लोखंडी पट्टीच्या धारेवर टेकली होती आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी घासून घासून तिचे वेष्टण कागदाएवढे उरले होते. तिथे रंग तपकिरी झाला होता. बॅटरीपासून टेपपर्यंत मधे फ्यूज नव्हता.

कोणी केले हे शोधण्यात अर्थ नव्हता. पण या वायरीपासून हातभर अंतरावर अब्बा बसत होते, मागे मुले बसत होती. आम्ही काम तिथेच थांबवले.

इथे फ्यूजबद्दल एक गैरसमज दूर करणे जरुरीचे आहे. टेपच्या मागे फ्यूज असतो ना, मग भीती कसली, असे लोक म्हणतात. तो फ्यूज टेपला वाचवतो. त्याच्या अलीकडच्या वायरीत, म्हणजे बॅटरी आणि टेप यांच्या मधे कुठे लघुपथन झाले, तर ती वीज टेपपर्यंत पोहोचतच नाही आणि टेपचा फ्यूज उडत नाही. वायरीला वाचवणारा फ्यूज बॅटरीच्या बाजूला लागतो. पाठ्यपुस्तकात त्याला वितळतार म्हटले आहे ते अगदी बरोबर. ती आधी वितळते आणि बाकीचे वाचते. फ्यूज नसेल, किंवा उडतो म्हणून कोणी १० च्या जागी ३० चा टाकला असेल, तर वितळणारी तार म्हणजे आपली वायरच होते. आणि ती वितळते डॅशबोर्डाच्या प्लास्टिकमध्ये, कापसात, सीटच्या कापडाजवळ.

थोरलीने लघुपथनाची व्याख्या परीक्षेत लिहिली होती, गुणही मिळवले होते. ती तपकिरी जागा पाहून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘अम्मी, हे तर पुस्तकातलेच आहे.’

ओळखीच्या वायरिंगवाल्याला बोलावले. त्यांनी बॅटरीकडची ती वायर पूर्ण काढून टाकली, गाडीच्या फ्यूज बॉक्समधला टेपचा मूळ बिंदू तपासला, तिथे १० चा फ्यूज बसवला आणि कपलरपर्यंत वीज येते हे दाखवले. अर्ध्या तासाचे काम. पुढचे आम्ही केले.

जोड कसा द्यावा

कपलर वापरला तरी टेपच्या वायरी आणि कपलरच्या वायरी एकमेकांना जोडाव्या लागतात. हे काम गाडीत वाकून न करता घरात टेबलावर करावे. वायर पिळून टेप गुंडाळणे पुरेसे नाही. जोडावर धातूची नळी दाबून बसवावी, ज्याला क्रिंप म्हणतात, किंवा सोल्डर करावे. त्यावर हीट श्रिंक नळी सरकवून गरम करावी म्हणजे ती आवळून बसते. नळी वायरीत आधीच ओवून ठेवावी लागते हे विसरू नये. न वापरलेल्या वायरींची टोकेही एकेक करून बंद करावीत, उघडी सोडू नयेत. कोकणात हवा दमट, उघड्या तांब्यावर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो.

पेटी सरकवण्याआधी निगेटिव्ह जोडून टेप चालू करून पाहावा, चारही स्पीकर, रेडिओ, फोन सगळे. मग पुन्हा बॅटरी सोडून पेटी आत बसवावी. मागची आधाराची पट्टी आवळायला आळस करू नये. महामार्गाच्या खड्ड्यांत नुसत्या पुढच्या फ्रेमवर अडकलेली पेटी खडखडते आणि वायरींना ओढ बसते. वायरींचा गुच्छ फोमच्या पट्टीने गुंडाळला आणि प्लास्टिकच्या टायने बांधला की तो धारेवर घासत नाही.

स्पीकर बदलायचे असतील तर व्यास आणि खोली दोन्ही मोजावी, नाहीतर काच खाली येताना स्पीकरला अडते. दाराचे पॅड काढल्यावर आत पातळ प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला दिसतो. तो फालतू समजून फाडू नये. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या आत उतरते आणि या पडद्यामुळे गाडीत न येता खालच्या भोकांतून बाहेर जाते. पडदा गेला की पहिल्याच आषाढात गालिचा भिजतो आणि स्पीकरचा कागद कुजतो. एका चॅनलला दोन स्पीकरही जोडू नयेत. रोध निम्मा होऊन टेप तापतो.

टेप लागला आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ‘कुंईं’ ऐकू आली, तर बहुतेक वेळा काळी वायर नीट लागलेली नसते. ती रंगाच्या थरावर टेकवून उपयोग नाही, खाली स्वच्छ धातू हवा आणि नट घट्ट हवा.

काय घरी करू नये

मोठा अँप्लिफायर आणि डिक्कीतला बास बसवायचा असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढावी लागते. ते काम जाणकारावर सोपवावे, पण आपण उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात : बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुच आहे का, आणि वायर खऱ्या तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. बॅटरीवर चालणाऱ्या किंवा हायब्रीड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर तिकडे फिरकूच नये. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

स्क्रीन असलेल्या टेपला एक बारीक वायर हँडब्रेकसाठी असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून ती दिलेली आहे. बसवणारे ती सरळ बॉडीला जोडून देतात, म्हणजे चालत्या गाडीतही चित्र दिसते. असे करून देऊ का, असे विचारले तर नको म्हणावे.

नव्या टेपचे बिल जपून ठेवावे. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंचा विमा हवा असेल तर त्या पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

शेजाऱ्याचा हक्क

गाडीतला आवाज गाडीतच राहावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये आणि शाळांच्या भोवती १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला सोसतो, ९० डेसिबलचा मात्र ४ तासच. मुलांच्या कानांसाठी याहूनही जपून. नात लावली आहे की सिनेमाचे गाणे, याने शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडण्यात फरक पडत नाही. महामार्गावर तर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू यायलाच हवा. कर्नाळ्याच्या अभयारण्यातून रस्ता जातो, तिथे आम्ही टेप बंदच ठेवतो. तेवढी चार मिनिटे पक्ष्यांची.

अब्बा आता डॉक्टरांकडे जाताना स्वतः बटण फिरवून आवाज लावतात. अल्हम्दुलिल्लाह, मोबाइल खिशात राहतो.

वाचकहो, टेप स्वतः बसवलाच पाहिजे असे नाही. पण गाडी सेकंड हँड असेल, किंवा आत काहीही बाहेरून बसवलेले असेल, टेप, रिव्हर्स कॅमेरा, जास्तीचे दिवे, तर येत्या सुट्टीत दहा मिनिटे काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावरून किती वायरी निघतात ते मोजा. प्रत्येक जादा वायर हाताने मागोवा घेत पाहा आणि बॅटरीजवळ तिला फ्यूज आहे का ते शोधा. नसेल तर गाडी वायरिंगवाल्याकडे घेऊन जा आणि तो लावून होईपर्यंत तिथेच उभे राहा. मुलांनाही बरोबर न्या.